पाठमोरे वडील

माझ्या वडिलांना सात आठवडे भिंतीकडे तोंड करून उभं राहावं लागलं आणि त्यात चूक माझी होती, हे आधीच लिहून टाकतो. पुढे लिहिण्याच्या ओघात ती कोणा दुसऱ्याच्या अंगावर जायला नको.

नव्वदच्या दशकाच्या मधली गोष्ट. मी लखनौच्या एका संशोधन संस्थेत मोजमापाची उपकरणं तपासून प्रमाणित करण्याचं काम करत होतो. अलीगंजमध्ये आमचं बिऱ्हाड होतं. मी, बायको, बारावीतली मुलगी आणि आई. आईचं वय तेव्हा चौऱ्याहत्तर. ती वाईहून आमच्याकडे येऊन नऊ वर्षं झाली होती आणि येताना तिनं एक ट्रंक आणि वडिलांचा फोटो एवढंच आणलं होतं.

वडील लष्कराच्या नकाशाखात्यात ड्राफ्ट्समन होते. शेवटची नेमणूक लखनौला. इथल्याच एका स्टुडिओत त्यांनी तो फोटो काढून घेतला आणि आईला टपालानं पाठवला. त्यानंतर चार महिन्यांनी ते इथेच विषमज्वरानं गेले. मी तेव्हा तीन वर्षांचा होतो. मी एकदा आईला विचारून विचारून हिशेब मांडला होता. लग्नाला नऊ वर्षं झालेली, म्हणजे एकशे आठ महिने. त्यांतले एका छपराखाली सत्तावीस. बाकी सगळं पत्रांवर. त्यामुळे आईचा खरा संसार माणसापेक्षा फोटोशीच जास्त झाला होता. त्या फोटोला ती रोज सकाळी, पूजा आटोपली की, घरातली खबर द्यायची. "ऐकलंत का, नातीला गणितात ब्याऐंशी मिळाले." "सूनबाईची पाठ आता बरी आहे." पाच-सात मिनिटं चालायचं. सगळं चांगलंच सांगायची. घरात काही बिघडलेलं असलं तर ते दुरुस्त झाल्यावरच वडिलांच्या कानावर जायचं.

त्या वर्षी दिवाळीनंतर वर्तमानपत्रात एक निवेदन आलं. शहरातल्या एका जुन्या संस्थेचं छोटं संग्रहालय आहे. नाव लिहीत नाही, कारण माणसं भली होती. तिथे छायाचित्रणाच्या कलेचा इतिहास सांगणारं प्रदर्शन भरणार होतं आणि लखनौच्या जुन्या स्टुडिओंत काढलेले फोटो कोणाकडे असतील तर ते दोन महिन्यांसाठी हवे होते. मी ते जेवताना वाचून दाखवलं.

आई म्हणाली, "आपला देऊ या."

"तुझं रोजचं बोलणं?" बायकोनं विचारलं.

"मी जाईन की तिथं. लोक बघतील त्यांना. उभ्या जन्मात कधी कोणी बघितलं नाही त्यांच्याकडे. कचेरीत मान खाली घालून बसायचे."

मुलगी म्हणाली, "आजी, सोच लो. फिर आजोबा सेलिब्रिटी बन जाएँगे."

"होऊ देत," आई म्हणाली.

संग्रहालयाचा फॉर्म चार पानी होता. त्यात ‘वस्तूचे वर्णन’ असा रकाना होता आणि खाली सूचना होती की पडताळून पाहता येईल तेवढंच लिहावं. अशी सूचना मी गंभीरपणे घेतो, ती माझी नोकरीच होती. फोटो जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला होता. मी कॅलिपर आणून जाडी घेतली. पुठ्ठ्याच्या मागच्या बाजूला सोनेरी-तपकिरी शाईत छापील नक्षी होती: दोन मासे, मधे तिपाईवरचा कॅमेरा, वर रंगाची थाळी आणि कुंचला, तीन पदकं, दोन लिप्यांत स्टुडिओचं नाव आणि ‘चित्रकार व फोटोग्राफर’ अशी अक्षरं. हे सगळं पडताळून पाहण्यासारखं होतं. प्रत्येक माशाचे खवले मोजून लिहिले. डावीकडच्याला एक कमी होता. असं करत मागच्या बाजूचं वर्णन अकरा ओळी झालं. पुढच्या बाजूला पडताळण्यासारखं फारसं काही नव्हतं. हे माझे वडील आहेत याला पुरावा आईच्या शब्दाखेरीज नव्हता. मी लिहिलं: ‘एक पुरुष, उभा.’

मग सही केली. सहीच्या वर छापलं होतं की वस्तू कशी मांडायची हा अधिकार संग्रहालयाचा राहील. ते मी दोनदा वाचलं होतं. कॅमेऱ्यासमोर उभा राहिलेला माणूस मांडायच्या दोन तऱ्हा असू शकतात, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

उद्घाटनाच्या दिवशी आईनं ठेवणीतली हिरवी इरकल नेसली. आई आणि बायको रिक्षात, मी आणि मुलगी स्कूटरवर. स्कूटरच्या मीटरप्रमाणे अंतर सहा पूर्णांक चार किलोमीटर. पहिल्या दालनात जुने लाकडी कॅमेरे होते. दुसऱ्यात मुद्दाम धूसर काढलेले फोटो होते, कारण त्या काळच्या फोटोग्राफरांना आपलं काम चित्रासारखं दिसावं असं वाटायचं. आई त्यांतल्या एका झाडापुढे बराच वेळ थांबली.

"हात हलला असेल बिचाऱ्याचा," ती म्हणाली.

तिसऱ्या दालनात आमचा फोटो होता. तिथे शिरल्यावर आधी आम्हाला वाटलं, अजून मांडायचं बाकी आहे. भिंतीवर ओळीनं अकरा चौकटी होत्या आणि अकराही उलट्या टांगलेल्या. सगळीकडे मासे, मोर, पदकं, वेलबुट्टी. एकही चेहरा नाही. चौतीस क्रमांकाच्या चौकटीत माझ्या ओळखीचे दोन मासे दिसले.

मुलगी हळूच म्हणाली, "पापा, आजोबा तो मॉडर्न आर्ट हो गए."

दालनात खाकी कोट घातलेला एक अटेंडंट होता, निवृत्तीला आलेला, दाढी पांढरी. आईची अवस्था पाहून त्यानं आपलं स्टूल पुढे सरकवलं. "तशरीफ़ रखिए, अम्मा."

आई बसली. समोर वडिलांची पाठ. ती मिनिटभर पाहत राहिली आणि मग म्हणाली, "रागावलेत."

"आई, ते मांडणाऱ्यांनी..."

"तुला काय माहीत? तू तीन वर्षांचा होतास. रागावले की भिंतीकडे तोंड करून निजायचे. अस्सेच."

अटेंडंटनं मला विचारलं, अम्मा काय म्हणतात. मी सांगितलं. तो आईपुढे थोडा वाकला. "नाराज़ नहीं हैं अम्मा, आराम फ़रमा रहे हैं।"

आईचं हिंदी नऊ वर्षांतही वाईच्या बाहेर गेलं नव्हतं, पण उत्तर तयार होतं. "खड़े-खड़े?"

तो वळून शेजारच्या चौकटीची काच पुसायला लागला.

घरी आल्यावर आईनं मला फॉर्मची कार्बन कॉपी काढायला लावली. माझ्याकडे असणार हे तिला ठाऊक होतं. चष्मा लावून तिनं सगळं वाचलं, मग कागद टेबलावर ठेवला.

"माशांना अकरा ओळी," ती म्हणाली, "आणि जन्मदात्या बापाला तीन शब्द. एक पुरुष! रस्त्यावरचा कोणी?"

"पडताळता येईल तेवढंच लिहायचं होतं."

"मग मला विचारायचंस. मी पडताळलं नव्हतं?"

बायको पदराआड हसत होती, पण ते हसू दोन दिवसांत थांबलं. आईच्या मनानं घेतलं होतं की वडील तिच्यावर रागावलेत. परक्यांच्या घरी पाठवलं म्हणून. तिचं सकाळचं बोलणं तर बंद झालंच होतं, आता ती आमच्याशीही कामापुरतंच बोलायला लागली. दोन पोळ्यांवरून ती अर्ध्या पोळीवर आली. पाचव्या दिवशी म्हणाली, "मला वाईला पोचव. इथं माझं कोणी उरलं नाही." वाईला तर खरंच कोणी उरलं नव्हतं. तिच्या त्या वाक्यानं मी घाबरलो.

मी संग्रहालयाच्या मॅडमना भेटायला गेलो. प्रदर्शन त्यांनीच उभं केलं होतं. पस्तिशीच्या असतील, कलेचा इतिहास शिकलेल्या, बोलायला अतिशय चांगल्या. मी म्हटलं, चौकट सुलटी करा, माझी आई जेवत नाही.

त्यांना खरंच वाईट वाटलं. पण त्यांनी मला समजावलं. सगळ्या प्रदर्शनाचा मुद्दाच त्या तिसऱ्या दालनात होता. फोटो काढणं ही कला आहे असं इथल्या माणसांनी पहिल्यांदा लिहून ठेवलं ते कुठे? कार्डाच्या पाठीवर. म्हणून तिथे कुंचला आणि रंगाची थाळी छापलेली.

"सामने तो ग्राहक है, भाई साहब," त्या म्हणाल्या. "कलाकार पीछे है।"

"लेकिन वो ग्राहक मेरे पिताजी हैं।"

त्यांनी कपाटातून माझाच फॉर्म काढला. तो त्यांना इतका आवडला होता की त्यांनी त्यावर लाल पेन्सिलीनं ‘उत्कृष्ट’ असं लिहिलं होतं. इतर दहा जणांनी चेहऱ्याबद्दलच लिहिलं होतं. पाठीकडे लक्ष देणारा मीच एकटा. त्यावरूनच त्यांना दालनाची कल्पना सुचली. खवल्यांचा आकडा कॅटलॉगमध्ये जसाच्या तसा छापला होता.

म्हणजे उरलेल्या दहा कुटुंबांचे आजे-पणजेही माझ्यामुळेच भिंतीला लागले होते.

शेवटी त्यांनीच तोडगा सुचवला: चौकट भिंतीपासून थोडी पुढे आणायची आणि मागे आरसा लावायचा. पाहणाऱ्याला पाठ दिसेल आणि आईला बाजूनं वाकून चेहरा दिसेल. मी घरी कागदावर कोन काढले. आईची बसलेली उंची घेतली. आरसा बारा अंश कलता असला तर स्टुलावरून मान न वाकवता दिसेल असं निघालं. मॅडमनी तसा बसवून घेतला. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि आईला घेऊन गेलो.

आरशात वडील अगदी स्पष्ट दिसत होते. कोट, काळी टोपी, हातात स्टुडिओची काठी, मागे रंगवलेली नदी. माझं गणित बरोबर आलं म्हणून मला बरं वाटलं.

आई म्हणाली, "हा कोण डावखुरा?"

"आई, आरसा आहे. उलटं दिसणारच."

"ह्यांचं घड्याळ डाव्या हातात. पेन डाव्या खिशात. ह्याचं सगळं भलतीकडे. टोपीसुद्धा भलत्या बाजूला कललीय." ती अटेंडंटकडे वळली. "ये हमारा आदमी नहीं। किसी और का है।"

अटेंडंटनं गंभीरपणे मान डोलावली. "शीशे वाले पर भरोसा नहीं करना चाहिए, अम्मा।"

आरसा काढला. आता मला वाटलं होतं की आई पुन्हा तिथे जाणार नाही. पण ती म्हणाली, "उद्या परत ने. माफी तर मागितली पाहिजे." म्हणून मी दर आठवड्या-दहा दिवसांनी अर्धी रजा टाकत गेलो, एकंदर सहा झाल्या. ती स्टुलावर बसायची आणि पाठीशी बोलायची. मी त्याच ओळीतल्या एकतीस क्रमांकाच्या मोरापाशी उभा राहायचो. पहिल्या खेपेला तिनं सगळं माझ्यावर ढकललं. "मी नाही हो दिलं, ह्यानं फॉर्म भरला." दुसऱ्या खेपेला घरातली खबर. तिसऱ्या खेपेला घरातली वाईट खबर, जी ती त्यांना कधीच द्यायची नाही. माझी बढती दोनदा हुकली, नातीला डॉक्टर व्हायचं नाही, सूनबाईचं आणि तिचं गेल्या वर्षी भांडण होऊन एकोणीस दिवस अबोला होता. दिवसांचा आकडा बरोबर होता. तो मोजणारा घरात मीच आहे असं मी समजत होतो.

चौथ्या खेपेला तिनं स्टूल चौकटीच्या आणखी जवळ ओढलं. मग खालच्या आवाजात म्हणाली, "तुमची पाठ आहे म्हणून बोलते. तोंडावर मला जमलं नसतं."

मी मोराकडे पाहत राहिलो.

"तुम्ही लिहिलंत, खोली बघितलीय, पुढच्या महिन्यात न्यायला येतो. मी ट्रंक भरली. मग लिहिलंत, पावसाळ्यानंतर. ट्रंक भरलेलीच ठेवली. मग लिहिलंत, दिवाळीनंतर. मग हा फोटो पाठवलात आणि लिहिलंत, तोवर हा ठेव. तोवर!" ती थांबली. "मला फोटो नको होता हो."

हे मी कधी ऐकलं नव्हतं. मला वाटायचं की तो फोटो म्हणजे तिच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी भेट. तिच्या खांद्यावर हात ठेवावा असं वाटलं. पण मी तिथे उभा आहे हे ती विसरली असावी, आणि ते तसंच राहू देणं बरं. अटेंडंटला मराठीचं अक्षर कळत नव्हतं. तरी तो उठून दाराशी गेला आणि आत येणाऱ्या दोघांना म्हणाला, "दो मिनट, जनाब। अंदर बातचीत चल रही है।"

परत येताना आई रिक्षात एकदाच बोलली. "पाठीला सांगून काय उपयोग?"

त्यानंतरच्या शनिवारी मी कामावर होतो. आम्ही कोणी संग्रहालयात नव्हतो. सोमवारी तिथे सुट्टी असते. मंगळवारी माझ्या संस्थेत मॅडमचा फोन आला. म्हणाल्या, आजचं हिंदी वर्तमानपत्र पाहिलंत का?

प्रकार असा झाला होता. शनिवारी सकाळी काचा पुसताना अटेंडंटनं चौतीस नंबरची चौकट सुलटी केली. नंतर मी त्याला कारण विचारलं तेव्हा म्हणाला, "उस रोज़ बाबूजी का मिज़ाज कुछ नरम लगा, हमने मोड़ दिया।" त्याच दिवशी दुपारी वर्तमानपत्राचा कलासमीक्षक आला. त्यानं लिहिलं की तिसरं दालन हा या शहरातला अलीकडचा सर्वांत धाडसी प्रयोग आहे. दहा माणसं पाठ फिरवून उभी आणि फक्त एकानं वळून पाहिलं. त्या एकाच्या नजरेत छायाचित्रणाचा सगळा इतिहास आहे, वगैरे. दीड कॉलम होता. वडिलांचा उल्लेख पाच वेळा ‘वह’ म्हणून.

मॅडमनी अटेंडंटला रागावायचं ठरवलं होतं. परीक्षण वाचल्यावर त्यांनी विचार बदलला. कॅटलॉगच्या प्रत्येक प्रतीत एक चिठ्ठी चिकटवली गेली: ‘क्रमांक ३४ – पीठ के स्थान पर मुख पढ़ें।’ ती चिठ्ठी मी जपून ठेवली आहे. ज्या कागदपत्रात चुकीची दुरुस्ती इतक्या नेमक्या शब्दांत केली आहे, असं दुसरं माझ्या पाहण्यात नाही.

मी घरी येऊन आईला म्हटलं, "वळलेत."

"कोणी वळवलं?"

"ते... तिथल्या म्हाताऱ्यानं."

"हं," ती म्हणाली. पण बुधवारी सकाळी तिनं हिरवी इरकल काढली.

परीक्षणामुळे गर्दी झाली होती. तिसऱ्या दालनात त्या वेळी आमच्याशिवाय चौदा माणसं होती, त्यांत कला महाविद्यालयाची सहा मुलं वह्या घेऊन जमिनीवर बसलेली. मॅडमही होत्या. दहा पाठींच्या रांगेत वडील सरळ समोर पाहत होते. खरं सांगतो, मलासुद्धा क्षणभर वाटलं की ते आत्ताच वळलेत.

अटेंडंटनं स्टूल आणलं. आई बसली नाही. ती चौकटीपुढे उभी राहिली. मी घड्याळ पाहिलं नाही, पण दोन मिनिटं तरी गेली असतील. मला वाटलं, आता ती नातीचे मार्क सांगेल आणि आम्ही घरी जाऊ.

"ट्रंक भरलेली होती," आई मोठ्यानं म्हणाली.

मुलांनी वह्यांतून माना वर केल्या.

"तीन वेळा पुढं ढकललंत. तीन! खोली होती का नव्हती, ते तरी सांगायचं. मी इथं आल्यावर नऊ वर्षं बघतेय, प्रत्येक गल्लीत वाटतं, इथं असेल का. फोटो पाठवताय! फोटो काय तापात कपाळावर पट्टी ठेवतो? मी आले असते तर मी ठेवली असती. मरताना तुम्ही एकटे आणि मी तिकडं ट्रंकेवर बसलेली. असं करतात का?"

सगळं एका दमात. आवाज शेवटपर्यंत तुटला नाही. चौदा माणसांना त्यातलं काही कळलं नव्हतं, पण कोणी हललं नाही. ती थांबली तेव्हा मुलांपैकी एकानं टाळ्या वाजवल्या आणि मग लखनौच्या रीतीप्रमाणे सगळ्यांनीच वाजवल्या. मागून कोणीतरी "वाह, अम्मा!" म्हणालं. त्यांना वाटलं होतं की हा प्रदर्शनाचाच भाग आहे.

आईनं वळून त्यांच्याकडे पाहिलं. ती गोंधळली नाही. कीर्तन संपल्यावर बुवा करतात तसा तिनं सगळ्यांना हात जोडून नमस्कार केला.

मॅडम लगबगीनं माझ्याजवळ आल्या. त्यांचे डोळे चमकत होते. "माताजी ने क्या कहा? हम इसे लिखकर नीचे लगा सकते हैं। रोज़ इसी वक़्त आ सकेंगी?"

मी काही बोलण्याआधी आईनंच उत्तर दिलं. "घर की बात है। तुमको क्या करने का?"

अटेंडंटनं तिला दारापर्यंत सोडलं. जाताना म्हणाला, "अम्मा, आज बाबूजी ने पूरा सुना। पलक तक नहीं झपकाई।"

"झपकाके जाएँगे कहाँ," आई म्हणाली.

बाहेर ऊन पडलं होतं. मी तिला विचारलं की दमलीस का. ती म्हणाली, भूक लागलीय. घरापर्यंत थांबायला ती तयार नव्हती. आम्ही चौकात गेलो आणि बाहेरचं कधी न खाणाऱ्या माझ्या आईनं एका ठेल्यापुढे उभं राहून चार दहीवडे खाल्ले, पानातलं दही बोटानं निपटून. मी दोन खाल्ले.

प्रदर्शन अजून आठ दिवस होतं. माझी अर्ध्या दिवसाची एक रजा शिल्लक होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दाराशी रिक्षा थांबवून विचारलं, "येतेस ना?"

आई अंगणात मटार सोलत बसली होती.

"नको," ती म्हणाली. "बोलले मी. आता त्यांना जरा विचार करू दे."